पावणेदोन हात माती

मराठी गावाची जमीन बोलीभाषेत दोन रंगांत वाटलेली आहे. ‘काळी’ म्हणजे पिकाची आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची. काळी-पांढरी म्हटले की सगळा गाव त्यात आला, असे आपण धरून चालतो. पण पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, साताऱ्यातले माण-खटाव, सांगलीतले आटपाडी-जत, नगरचा दक्षिण भाग आणि सोलापूर या पट्ट्यात फिरताना जी जमीन पदोपदी भेटते, ती या दोन्हींत बसत नाही. ती म्हणजे माळ. पावसाळ्यात दोन-तीन महिने हिरवा, दिवाळीनंतर सोनेरी आणि माघ-फाल्गुनात राखाडी दिसणारा.

महसुली कागदात माळाची नावे वेगळी आहेत: पड, गायरान, पोटखराबा. नियोजनाच्या अहवालात तो ‘पडीक जमीन’ म्हणून येतो. या नावांमागे एक गृहीतक असते. इथे पूर्वी झाडी असावी, ती तुटली, माती वाहून गेली आणि उरला तो माळ. काही ठिकाणी हे खरे असेलही. पण सरसकट नाही. माळ हा माळ का आहे, याच्या उत्तराचा मोठा भाग पायाखाली हात-दीड हातावर दडलेला आहे. तिथे एक कठीण थर असतो. गेल्या दोनशे वर्षांच्या महसुली इतिहासात त्या थरावरची माती बोटाबोटाने मोजली गेली. खुद्द थराकडे मात्र फार थोड्यांनी पाहिले.

माळाचा छेद

दख्खनचे पठार लाव्ह्याचे आहे, हे आपण शाळेत शिकतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचले आणि हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट आणि भेगाळ, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांचे, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा गेरूचा पट्टा. विहीर खणणाऱ्या माणसांनी या सगळ्याला नावे दिली आहेत. वरची माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण. भूशास्त्राचे पुस्तक न उघडता त्यांनी हा छेद वाचलेला आहे.

या पाषाणात चुन्याचे मूलद्रव्य, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असते. खडक कुजला की ते मोकळे होते. पुढे त्याचे काय होणार, हे पाऊस ठरवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे चुना धुऊन जातो आणि मागे तांबडी जांभ्याची माती राहते. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला दहिवडीच्या बाजूला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. एवढे पाणी चुना विरघळवायला पुरते, वाहून न्यायला पुरत नाही. पाणी जितके खोल मुरते तितके खोल चुना जातो. मग मुळे ते पाणी शोषून घेतात, ऊन उरलेले ओढून घेते आणि चुना तिथेच बसतो. वर्षानुवर्षे हे चालले की आधी हरभऱ्याएवढे खडे होतात, मग सुपारीएवढे, आणि शेवटी ते एकमेकांना चिकटून पांढरट थर बनतो. मुरमाच्या फटीही याच चुन्याने भरतात. हीच आपली चुनखड. खात्री करायची असेल तर खड्यावर लिंबू पिळावे, तो फसफसतो.

माळाचा छेद म्हणून बहुधा असा दिसतो: वर वीतभर, कधी त्याहून कमी, भुरकट किंवा तांबूस खरबरीत माती, तिच्याखाली चुन्याने सांधलेला मुरूम, आणि त्याखाली पाषाण. खोलगट भागात गोष्ट आणखी एका पायरीने पुढे जाते. चुना दगड होऊन बाजूला बसला की चिकणमातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढते. सोडियम वाढले की हे कण पाण्यात विखुरतात आणि मातीची छिद्रे बुजवतात. वर पाणी साचलेले आणि वीतभर खाली कोरडे, अशी जमीन होते. शेतकरी तिला ‘चोपण’ म्हणतो.

आता या जमिनीवर पाऊस कसा पडतो ते पाहू. या पट्ट्यात तो संततधार येत नाही. काही मोजक्या सरींत येऊन जातो. वीतभर माती तासाभरात तुडुंब भिजते. खाली जायला वाट नसते, म्हणून बाकीचे पाणी ओघळांनी निघून जाते. पुढच्या उघडिपीत तीच माती तितक्याच वेगाने वाळते. अशा ठिकाणी कोण तगेल? ज्याची मुळे वरच्याच मातीत दाट जाळे विणतात, जे दोन महिन्यांत फुलून बी टाकते आणि उरलेले दहा महिने मेल्यासारखे पडून राहू शकते, तेच. म्हणजे गवत. कुसळी आणि पवन्या माळावर टिकतात ते म्हणूनच. जिथे थराला चीर पडली आहे, तिथे हिवर किंवा बोर मूळ खाली घालतो आणि म्हणून झाडे दूर दूर दिसतात. 1973 साली दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारताच्या गवताळ प्रदेशांची वर्गवारी केली, तेव्हा दख्खनच्या गवताला पवन्या आणि मारवेल यांच्या कुळांवरूनच नाव दिले.

नांगराआधीचा माळ

या पट्ट्यातल्या सर्वांत जुन्या शेतकऱ्यांना काळी आणि माळ यांतला फरक ठाऊक होता, असे उत्खननांवरून दिसते. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 एवढ्या काळातली ही वस्ती. शेती नदीकाठच्या काळ्या मातीत. आजूबाजूचा माळ गुरांना आणि शिकारीला. शेवटच्या टप्प्यात, इसवी सनापूर्वी 1000 नंतर, घरे लहान झाली, शेती आक्रसली आणि शेळ्यामेंढ्यांवरचा भर वाढला. म. के. ढवळीकरांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. काळीने हात आखडता घेतल्यावर माणसांनी माळाचा आधार घेतला, असे म्हणता येईल.

पुढच्या काळात हा आधार धनगरांच्या रूपाने स्थिर झाला. पावसाळ्यात मेंढरे कोरड्या माळावर ठेवायची, कारण ओल आणि चिखल मेंढीला मानवत नाही. दिवाळीच्या सुमाराला वाडे हलवायचे आणि घाट उतरून किंवा नदीकाठ धरून चाऱ्याच्या मागे जायचे. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. या व्यवहाराकडे मातीच्या बाजूने पाहिले, तर माळावरचे गवत मेंढीच्या पोटातून खत होऊन काळीत उतरते. पडीक म्हटलेली जमीन दर वर्षी कसलेल्या जमिनीला खत देत आली आहे.

या नात्याची खूण देवकथांतही आहे. गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा या दैवतांचा अभ्यास करताना दाखवले की, खंडोबाच्या दोन बायका, वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई, या दोन वेगळ्या जगांच्या प्रतिनिधी आहेत. एक वस्तीचे आणि व्यापाराचे जग, दुसरे रानाचे आणि कळपाचे. देवाला दोन्ही लागतात.

कठीण थराचाही उपयोग होता. लोणारी समाज चुनखडीचे खडे गोळा करून भट्टीत भाजत असे. तो चुना बैलाच्या घाणीत मळून वाडे, देवळे आणि तटबंद्या उभ्या राहिल्या. ज्या थराने नांगर अडवला, त्यानेच भिंती सांधल्या.

राज्यकर्तेही माळाला निरुपयोगी मानत नव्हते. पेशवाईत घोड्यांसाठी कुरणे राखली जात. साऱ्यासाठी जमिनीचे अव्वल, दुम, सीम असे ढोबळ दर्जे होते. पड जमीन उठवायची तर इस्तावा दिला जाई, म्हणजे सारा पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे चढत जाणारा. या व्यवस्थेत अन्याय आणि लूट नव्हती असे नाही. पण तिचा अंदाज त्या त्या गावच्या पाटील-कुलकर्ण्याच्या माहितीवर चाले. मातीचा आकडा अजून कोणी काढलेला नव्हता.

आण्यांत मोजलेली माती

तो काढायचा पहिला मोठा प्रयत्न रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने 1820च्या दशकात केला. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा, म्हणजे खर्च वजा जाता उरलेल्याचा, 55 टक्के भाग सरकारचा, हे त्याचे सूत्र. कागदावर ते नेटके होते. पण निव्वळ उत्पन्न काढायला लागणारी माहिती गोळा करताना गफलती झाल्या, सारा जड झाला आणि इंदापूरसारख्या कोरड्या तालुक्यात शेतकरी जमिनी टाकून निघाले.

त्याच इंदापुरात 1835 पासून एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी नवी पाहणी सुरू केली. उत्पन्नाचा हिशेब त्यांनी सोडून दिला आणि मातीच पाहायची ठरवले. या पद्धतीचे नियम 1847 च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. महाराष्ट्रातल्या प्रतबंदीचा पाया तोच.

नियम असे होते. मातीचे तीन प्रकार. पहिला, बारीक आणि एकजीव पोताची, गडद काळ्यापासून तपकिरीपर्यंत. दुसरा, एकजीव पण थोडी जाड पोताची, बहुधा तांबूस. तिसरा, खडेमिश्रित किंवा भुसभुशीत, फिक्या तपकिरीपासून राखाडीपर्यंत. मग खोली, हातांत मोजलेली. पहिल्या प्रकारची माती पावणेदोन हात खोल असली की ती 16 आणे, म्हणजे पहिली प्रत. तिथून एकूण नऊ प्रती: 16, 14, 12, 10, 8, 6, साडेचार, 3 आणि 2 आणे. तिसऱ्या प्रकारची, म्हणजे आपली माळाची माती, हातभर खोल असली तरी सहा आण्यांच्या वर जात नसे. पाव हात असली, म्हणजे जेमतेम साडेचार इंच, तर ती नववी प्रत, दोन आणे.

याखेरीज दोष. चुनखडीचे बारीक खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीचा सुटेपणा, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याखाली येणे, झऱ्यांमुळे उपळणे. प्रत्येक दोषाला नकाशावर एक खूण, आणि एका खुणेला एक प्रत उतरायची. उदाहरणार्थ, तिसऱ्या प्रकारची पाऊण हात माती साडेचार आण्यांची; तिच्यात चुनखडीची खूण पडली की तीन आण्यांची; जमीन उताराची असेल तर दोन.

या कामाचे कौतुक करायला हवे. रसायनशाळा नाही, मातीचे शास्त्र जगातच बाल्यावस्थेत, आणि तरीही शेतकऱ्याच्या नजरेला जे दिसते ते खुणांत बांधून इंग्रज अधिकारी आणि देशी कारकून गावोगाव खड्डे घेत गेले. चुनखड आणि पाणी न मुरणे हे दोन्ही दोष त्यांच्या यादीत आहेत, म्हणजे कठीण थराची लक्षणे त्यांना दिसली होती.

पण तक्ता नीट पाहिला की त्याच्या मर्यादाही कळतात. पहिली मर्यादा अशी की तो माती किती खोल आहे ते विचारतो. ती कशावर बसली आहे, हे विचारत नाही. मऊ मुरमावरची अर्धा हात माती आणि चुन्याने सांधलेल्या थरावरची अर्धा हात माती तक्त्यात एकच. पिकाच्या दृष्टीने मात्र फार अंतर आहे. मऊ मुरमात मूळ शिरते आणि थोडी ओलही सापडते. सांधलेल्या थराशी मूळ आडवे वळते. दुसरी मर्यादा दोषांच्या वजनाची. मातीत मिसळलेले खडे ही एक प्रत आणि पाणी अडवणारी जमीन हीही एकच प्रत. तिसरी मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तक्ता दोन आण्यांवर थांबतो. पाव हात मातीलाही त्यात प्रत आहे, म्हणजे ती लागवडीची जमीन आहे. त्याहून वाईट असेल ते पोटखराबा. गवताला त्यात रकाना नाही. माळाला एकतर हलके शेत व्हायचे होते, नाहीतर खराबा. तिसरा पर्याय कागदाने ठेवला नाही. गावाच्या गायरानाला जागा राखली गेली खरी, पण तीही वेगळी माती म्हणून नव्हे, शेतीतून वगळलेली जमीन म्हणून.

सुपे, 1875

नव्या पाहणीचा सारा प्रिंगलच्या मानाने हलका होता आणि तीस वर्षांसाठी बांधलेला होता. जमीन विकता येई, गहाण टाकता येई, नको असेल तर सोडता येई. लोकसंख्या वाढत होती. मधल्या प्रतींच्या जमिनी उठल्यावर नांगर माळावर चढला. दोन आण्यांच्या प्रतीची जमीन घेताना धोका कमी वाटे, कारण साराही तेवढाच थोडा. चांगल्या पावसाच्या वर्षी वीतभर मातीतही बाजरी, मटकी, हुलगा होतो. 1860च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले आणि पैसा खेळू लागला. मग भाव पडले. तीस वर्षांची मुदत संपली आणि 1867 मध्ये इंदापुरापासून फेरआकारणी सुरू झाली. सारा वाढला.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने आणि घरे गाठली आणि कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या उठावाची ही सुरुवात. त्यामागची कर्जाची, कोर्टाची आणि साऱ्याची कारणे अनेक अभ्यासकांनी मांडली आहेत आणि ती खरीच आहेत. मी त्यांच्या तळाला एक कारण ठेवतो, ते मातीचे. ज्या जमिनीत दोन पावसांमधले अंतर लांबले की पीक जाते, तिच्यावर ठरलेल्या तारखेला ठरलेला रोख सारा बसला, तर चुकलेल्या वर्षी सावकाराखेरीज वाट नसते. ती जमीन गवताखाली असती तर चुकलेल्या वर्षी कळप दुसरीकडे हलला असता. शेत हलवता येत नाही. पुढच्याच वर्षी, 1876 मध्ये, पाऊस गेला आणि दुष्काळ दोन वर्षे राहिला. 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जमदतीचा कायदा आला. त्याने सावकाराला काही आवर घातला. वीतभर मातीला तो काय करणार?

शास्त्र खाली पाहू लागते

मातीकडे साऱ्यासाठी नव्हे तर शेतीसाठी पाहणारे लोक विसाव्या शतकात आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या हॅरॉल्ड मान यांनी 1917 मध्ये पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली आणि 1921 मध्ये ना. वि. कानिटकरांसह जातेगाव बुद्रुक या कोरड्या गावाची. कानिटकरांचे पुढचे काम सोलापूरला झाले. तिथे 1933 पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालले आणि बांध, कुळवाच्या पाळ्या, विरळ पेरा यांची ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ आकाराला आली. पडलेले पाणी मातीत थोपवायचे आणि टिकवायचे, हा तिचा गाभा. साहजिकच, जिथे थोपवायला पुरेशी माती आहे तिथेच ती खरी उपयोगी.

दुसरी वाट कालव्यांनी दाखवली. 1885 मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला. काही दशकांत उसाच्या पट्ट्यात जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. पाणी खाली का जात नाही, हा प्रश्न आता टाळता येईना. नीरेजवळ पाडेगावला 1932 मध्ये ऊस संशोधन केंद्र निघाले. तिथल्या जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी 1938 मध्ये दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींचे वर्गीकरण मांडले. त्यांनी वरच्या मातीवर न थांबता संपूर्ण छेद पाहिला: चुना कुठे साचला आहे, थर कसा आहे, निचरा कुठे अडतो. पावणेदोन हातांच्या खाली काय आहे, याला वर्गीकरणात स्थान मिळाले.

1976 मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोत डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेले. कोरड्या हवामानात मातीत जागच्या जागी चुना तयार होणे आणि त्यामागून सोडियम वाढणे, ही आजही चालू असलेली प्रक्रिया आहे, असे त्यांनी दाखवले. म्हणजे कठीण थर हा केवळ भूतकाळाचा अवशेष नाही. तो आजही घडतो आहे.

कागदावरची पड

एवढे ज्ञान जमा असताना माळाच्या सरकारी नावात फरक पडला नाही. वनखात्याकडे असलेल्या माळांवर सलग समतल चर खणून गिरिपुष्प लावण्याचे कार्यक्रम झाले. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबागा आल्या. सांगोला-आटपाडीच्या हलक्या, चुनखडीच्या जमिनीत डाळिंब चांगले आले, आणि हा माळाचा खरा विजय आहे. पण त्यासाठी खड्डे फोडावे लागले, बाहेरून माती किंवा तळ्याचा गाळ आणावा लागला आणि ठिबकचे पाणी बारमाही लागले. पाणी आणि भांडवल असेल त्याला हा मार्ग मोकळा आहे. प्रत्येक माळाचा तो मार्ग होऊ शकत नाही.

चर खणला की पाणी मुरते, हेही सर्वत्र खरे नाही. थर पातळ असेल आणि खाली पोकळ्यांचा मांजऱ्या असेल तर चराने खरोखर पाणी उतरते. थर जाड असेल आणि खाली घट्ट पाषाण असेल तर चर नुसता भरून राहतो. शिवाय यंत्राने उपसलेला चुना आणि मुरूम वरच्या वीतभर मातीवर पसरतो. ती वीतभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागलेली असतात. तिचे नुकसान एका दुपारी होते. मग तिथे ना झाड जोर धरते, ना पूर्वीचे गवत लवकर परतते. मेंढपाळाच्या वाटेतला एक मुक्काम तेवढा कमी होतो.

ज्या सुप्यात 1875 मध्ये रोखे जळले, त्याच सुप्याला लागून आज मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम 5 चौरस किलोमीटरचा माळ, चिंकारांसाठी राखलेला. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक, कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट. या जागा वाचल्या त्या प्राण्यांच्या नावाने. माळाच्या नावाने वाचलेली जागा शोधावी लागते. महसुली भाषेत तो अजून खराबाच आहे, आणि खराब जमिनीसाठी कोणी भांडत नाही. कारखाना, सौरपट्ट्या, वृक्षलागवड, काहीही आणायचे असो, पहिली नजर तिच्यावर जाते.

यावर मोठे उपाय सुचवायचा माझा अधिकार नाही. दोन लहान गोष्टी मात्र कोणत्याही ग्रामपंचायतीला करता येतील. माळावर कुठलीही योजना आणण्यापूर्वी चार ठिकाणी छातीइतके खोल खड्डे घ्यावेत आणि माती किती, थर कोणता, थराखाली काय, हे लिहून ठेवावे. चार माणसांचे एका दिवसाचे काम आहे. आणि त्याच कागदावर माळावर कोणती गवते आहेत, कोणाची जनावरे कोणत्या महिन्यात येतात, हेही नोंदवावे. 1847 च्या तक्त्यात नसलेला रकाना आपण आपल्या गावापुरता तरी आखू शकतो.

गोल्डस्मिड-विंगेटच्या कारकुनांनी दोन आण्यांची जमीनसुद्धा खणून पाहिली होती. तिच्यावर निर्णय घेणाऱ्या आजच्या यंत्रणेने निदान तेवढे तरी करावे.